पहिली वेलांटी

वेलांटी प्रतीक्षा यादीत पहिली आली, आणि तिच्या आत्याला त्या वाक्याचा फक्त शेवट ऐकू आला.

आत्याचा डावा कान गेली नऊ वर्षं संपावर होता. उजवा कामावर यायचा, पण स्वतःच्या मर्जीने. सोमवारी सकाळी बाबांनी यादी मोठ्याने वाचली तेव्हा आत्या डावी बाजू घराकडे करून दारात उभी होती. "पहिली" एवढं कानावर पडताच ती तीन जिने उतरून खाली गेली. गुडघे दुखतात म्हणून जी बाई आठवडाभर खाली उतरली नव्हती, ती. दहा मिनिटांत तळमजल्यावरच्या घड्याळजींनी दुकानाबाहेरच्या फळ्यावरची 'सेल बदलून मिळतील' ही ओळ पुसली आणि खडूने ठसठशीत लिहिलं: 'आमच्या इमारतीची कन्या नकाशाशास्त्रात प्रथम!!!'

खरं तर नकाशाशास्त्राच्या जागा होत्या चाळीस आणि वेलांटी होती एक्केचाळिसावी. म्हणजे आत न घेतलेल्यांत ती सगळ्यात आत होती.

वेलांटी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती काडीसारखी बारीक होती आणि पुस्तकावर अशी वाकून बसायची की मागून बघणाऱ्याला माणूस न दिसता अक्षराचा तुटलेला भाग दिसायचा. शिवाय बाबांच्या धंद्याला ते नाव शोभून दिसायचं. बाबा नोंदणी कार्यालयाबाहेर घडीचं टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देत. सत्तावीस वर्षं. चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ दिसला की त्यांना दातात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. खिशातल्या निळ्या पेनाने त्यांनी दुकानांच्या पाट्या सुधारल्या होत्या, मृत्यूचे दाखले सुधारले होते, आणि लग्न ठरत असताना होणाऱ्या सासऱ्यांचं पत्रही सुधारून परत पाठवलं होतं. लग्न झालं, पण सासरे शेवटपर्यंत तोंडीच बोलले.

"जाऊन सांगते खाली," वेलांटी म्हणाली. "फळा पुसायला लावते."

"सांग," आई म्हणाली. मग पिठाचा हात तसाच ठेवून थांबली. "पण शुक्रवारपर्यंत थांबलीस तर?"

शुक्रवारी दुपारी एक ते पाच एवढ्याच वेळात कागद जमा करायचे होते. चाळिसांतलं एक जरी आलं नाही, तरी ती जागा वेलांटीची. मग फळा निदान अर्धा खरा झाला असता. अर्ध्या खऱ्यासाठी चार दिवस गप्प बसायचं, असं ठरलं.

हे चार दिवस काढणं सोपं नव्हतं. जिना उतरली की घड्याळजी दुकानातून उठून हात जोडत. समोरचा चांभार तिच्या चपलेचा अंगठा फुकट शिवून म्हणाला, "पहिल्या आलेल्या पायांना आमच्याकडून." वेलांटीला त्या चपलेत पाय घालवेना. ती लोकांना टाळायला लागली, तर लोक म्हणाले, बघा, पहिली आली तरी किती लाजते!

घरात चाळीस अनोळखी माणसांची काळजी सुरू झाली.

"कुणाचं वाईट होऊ नये," आई म्हणाली. "पण एखाद्याला दुसरीकडे याहून चांगलं मिळायला काय हरकत आहे?"

"गोवर," आत्या म्हणाली.

"आत्या!"

"साधा गोवर गं. आठ दिवसांचा. जिवावरचं कुठे म्हणतेय मी?"

बाबांनी प्रवेशाच्या नियमांची बत्तीस पानी पुस्तिका वेलांटीला तिसऱ्यांदा वाचायला दिली. मग दाराआड जाऊन बराच वेळ ठोकाठोक केली आणि एक जुनं घडीचं टेबल तिथे उभं करून ठेवलं. त्याचा मोडका पाय आता सरळ झाला होता.

"हे कशाला?" वेलांटीने विचारलं.

"असू दे. अडीअडचणीला."

त्या दिवसापासून वेलांटीला झोप लागेना. ते टेबल म्हणजे काय, हे तिला नियम न वाचताही कळलं होतं. बाबांच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल. त्यावर ती. सत्तावीस वर्षं. लोकांच्या घरांचे पत्ते रकान्यात लिहायचे, पण ती घरं कुठल्या वळणावर आहेत, नाला कुठून जातो, चढ किती आहे, ते कधीच काढायचं नाही. तिच्या वह्यांच्या मागच्या पानांवर सगळे रस्ते होते. आत्याच्या औषधांच्या दुकानापर्यंतचा नकाशा तिने इतका बारीक काढला होता की त्यात भुंकणारा कुत्रा कुठे बसतो तेही होतं.

आणि ती हरली होती कशाने? पाव गुणाने.

लेखी परीक्षेत तिला एक्काहत्तर होते. मुलाखतीत वीसपैकी अकरा. मुलाखतीला तिघं बसले होते. एक झोपले होते, एक खिडकीबाहेर बघत होते, आणि तिसऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही नदी असता तर कुठे वळला असता?"

"उतार असेल तिकडे," वेलांटी म्हणाली.

हे उत्तर बरोबर होतं. पाण्याला विचारलं असतं तर तेही हेच म्हणालं असतं. पण बाई नुसत्या "हं" म्हणाल्या, आणि त्या "हं"ची किंमत नऊ गुण निघाली. चार रात्री वेलांटी नदी होऊन वेगवेगळ्या ठिकाणी वळून बघत होती. एकदाही प्रवेश मिळाला नाही.

शुक्रवारी दुपारी एकलाच ती कॉलेजच्या कार्यालयात जाऊन बसली. लांबट खोली, भिंतीला टेकवलेली बाकं, टोकाला काचेची खिडकी. खिडकीमागे कारकून. त्यांचा एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर होता, आणि ते टेबलावर तिसरा शोधत होते. भिंतीवरचं घड्याळ कारकुनांच्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा चार मिनिटं पुढे होतं. पाच म्हणजे कुठल्या घड्याळाचे, हे पुस्तिकेच्या बत्तीस पानांत कुठेही नव्हतं.

तिच्या शेजारी एक उंच तरुण डबा मांडीवर घेऊन बसला होता.

"प्रतीक्षा यादी?" त्याने विचारलं.

"पहिली."

"मी दोन नंबर." मग घाईघाईने म्हणाला, "म्हणजे माणूस सरळ आहे मी. फक्त नंबर दोन आहे."

तीनपर्यंत एकोणचाळीस जण येऊन गेले. वेलांटी बोटांवर मोजत होती. बोटं संपली की फरशीच्या लाद्यांवर. प्रत्येक नव्या माणसाबरोबर तिच्या छातीत एक पायरी निखळायची. गोवर कुणालाच झाला नव्हता. सगळे ठणठणीत होते. एक तर शिट्टी वाजवत आला.

चार वाजले. सव्वाचार. चाळिसावं कुणी येईना. दोन नंबरने डबा उघडला, बंद केला.

"तू आत गेलीस की मी पहिला होतो," तो म्हणाला.

"मग काय मिळतं?"

"काही नाही. पण पहिला होतो."

चार पंचवीसला दार धाडकन उघडलं आणि एक कंडक्टरबाई आत आल्या. खाकी गणवेश, खांद्याला चामड्याची पिशवी, वय पंचेचाळीसच्या आसपास. सवयीने त्यांनी पूर्ण खोलीवर नजर फिरवली, जणू कुणाचं तिकीट राहिलंय का बघतायत. वेलांटीला वाटलं, चुकून आल्या असतील.

"चाळिसावी," त्या खिडकीशी म्हणाल्या. "डेपोतून सुटायला उशीर झाला. हे घ्या कागद."

वेलांटीच्या छातीतली शेवटची पायरीही गेली. आता खाली नुसता जिना राहिला, तोही पायऱ्यांशिवाय.

कारकुनांनी कागद चाळले. नाकावरचा चष्मा वर केला, कपाळावरचा खाली घेतला. मग म्हणाले, "वेलांटी!"

वेलांटी ताडकन उभी राहिली. "हो सर!"

"तुम्हाला नाही. खाली बसा." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "बाई, वेलांटी चुकलीय. दाखल्यात तुमच्या आडनावाला पहिली, अर्जात दुसरी. नाव तंतोतंत जुळायला हवं. प्रवेश देता येत नाही."

"अहो, पण नाव तेच आहे. ही मीच उभी आहे ना!"

"तुम्ही तुम्हीच आहात, ते मला दिसतंय. कागदाला दिसत नाही."

"मग मी काय करू?"

"पाचपर्यंत काहीतरी करा," कारकून म्हणाले, आणि पुन्हा तिसरा चष्मा शोधायला लागले.

बाई वळल्या आणि नेमक्या वेलांटीच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

वेलांटीला ठाऊक होतं काय करायचं ते. पुस्तिकेचं पान एकोणतीस, नियम सात, पोटनियम ब. नावात लेखनभेद असल्यास साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालेल, सोबत दोन साक्षीदारांच्या सह्या. तीन ओळींचं काम. पान एकोणतीस कुणी वाचत नाही. तिने तीनदा वाचलं होतं. आणि आता तिने फक्त एकच गोष्ट करायची होती. काही नाही. ते तिला जमायला हवं होतं. चार दिवस ती तेच तर करत होती.

भिंतीवर चार अडतीस. मनगटावर चार चौतीस.

"पेन आहे का गं?" बाईंनी विचारलं.

वेलांटीने पेन दिलं. पेन देण्यात काही नव्हतं.

"तुम्हालासुद्धा नदीचा प्रश्न आला होता?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"आला ना! म्हटलं, कुठेही वळले असते, पण वळायच्या आधी घंटी दिली असती. त्या बाई इतक्या हसल्या की झोपलेले साहेब जागे झाले." त्या कागद शोधत होत्या. "चौदा मिळाले. लेखीत कमीच होते मला. अडुसष्ट आणि पाव."

अडुसष्ट आणि पाव अधिक चौदा. वेलांटीने बेरीज केली, आणि ज्या पाव गुणाला ती चार दिवस शिव्या घालत होती तो शेजारी बसून घाम पुसत होता. एका घंटीवर गेली होती तिची जागा. हा काय न्याय झाला? आपण नदीला धरून बोललो, या बसला धरून. आणि पान एकोणतीस न वाचणं ही काही आपली चूक नव्हती. नियम सगळ्यांना सारखाच होता. सगळ्यांना सारखाच बारीक अक्षरात होता.

"परीक्षेची चौथी खेप माझी," बाई म्हणाल्या. "अठरा वर्षं त्याच त्या रस्त्याने फिरते बघ. थांब्यावर लावलेला नकाशा चुकलाय, रोज माणसं चुकीच्या ठिकाणी उतरतात आणि मला शिव्या देतात. म्हटलं, आता आपणच काढू." आणि त्या लिहायला लागल्या.

वेलांटीने समोरच्या भिंतीकडे बघायचं ठरवलं. भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून तिने खाली बघितलं. खाली बाईंचा कागद होता.

'माननीय महोदय, मी लहान असताना आमच्या घरात एकच कंदील होता...'

वेलांटीने डोळे मिटले. उघडले. चार शेहेचाळीस. बाई दुसऱ्या पानावर गेल्या होत्या आणि अजून कंदील विझला नव्हता. आता त्यात एक आजारी काकाही आला होता. 'विनंती' कुठेच नव्हती. विषय नव्हता. तारीख नव्हती. समास तर मुळीच सोडला नव्हता. अक्षरं कागदाच्या कडेवरून खाली पडतायत असं वाटत होतं.

तिला दुसऱ्याचं दुःख बघवत होतं. गेले चार दिवस तिने तेवढी तयारी केली होती. पण चुकीचा अर्ज तिला बघवत नव्हता. तिच्या दातात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

"मावशी," ती म्हणाली, आणि आपण हे काय करतोय असं मनात ओरडली. "भावना काढा."

"काय?"

"भावनेला रकाना नसतो. आणा इकडे. कंदील नको, काका नको. कोरा कागद आहे?"

"तिकिटांच्या हिशोबाचा आहे, मागून कोरा."

"चालेल."

वेलांटीने मांडीवर पिशवी घेतली, त्यावर कागद ठेवला, डावीकडे दोन बोटं समास सोडला आणि लिहिलं: 'मी, खाली सही करणारी, जाहीर करते की दाखल्यातील ऱ्हस्व वेलांटी आणि अर्जातील दीर्घ वेलांटी एकाच व्यक्तीच्या आहेत. ती व्यक्ती मी आहे. नियम सात ब नुसार नोंद घ्यावी.'

"सही करा. साक्षीदार दोन लागतात. एक मी." तिने सही केली. सही सुंदर आली. "ए, दोन नंबर, इथे सही कर."

"मी? अगं, वेडी आहेस का?" तो कुजबुजला. "ही बाहेर राहिली तर तू आत जातेस!"

"माहितीये."

"मग मी पहिला होतो!"

"तेही माहितीये. लवकर कर, चार बावन्न झाले."

त्याने डब्याकडे बघितलं, वेलांटीकडे बघितलं. "सकाळपासून आलोय," तो स्वतःशीच पुटपुटला, "निदान कुठेतरी सही तरी होऊ दे." आणि केली.

बाई कागद घेऊन खिडकीकडे धावल्या. कारकुनांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग काचेतून खोलीत बघितलं.

"साक्षीदार पहिली : प्रतीक्षा यादी क्रमांक एक. साक्षीदार दुसरा : प्रतीक्षा यादी क्रमांक दोन." त्यांनी दोन्ही चष्मे काढले. "हे बरोबर आहे?"

नाही म्हणायला अजून आठ मिनिटं होती. मनगटावरच्या घड्याळात बारा. वेलांटीला ती सगळी एकेक करून दिसली.

"बरोबर आहे सर," ती म्हणाली. "पान एकोणतीस."

शिक्का बसला. तो आवाज तसा लहानच होता.

बाई परत आल्या. त्यांनी वेलांटीचा हात धरला. "का केलंस गं पोरी?"

"तुमची वेलांटी चुकली होती."

"नाव काय तुझं?"

"वेलांटी."

बाईंना वाटलं पोरगी चेष्टा करते. त्या जरा रागानेच डेपोकडे गेल्या.

भिंतीवर पाच वाजले. चार मिनिटांनी पुन्हा वाजले. कारकुनांनी प्रतीक्षा यादीवर आडवी रेघ मारली आणि पुढच्या वर्षी अर्ज करा म्हणाले. दोन नंबरने रिकाम्या बाकावर बसून निम्मा डबा संपवला आणि निम्मा वेलांटीला दिला. तिला तो गिळवला नाही. आतून कुठूनतरी उदात्त वगैरे वाटेल, म्हणून ती वाट बघत होती. काही वाटलं नाही. फक्त भीती वाटली. इमारतीचा कोपरा आला तसा फळा दिसायला लागला, आणि ती तीन उद्गारचिन्हं लांबूनच तिच्याकडे बोट दाखवत होती.

आत्या खाली घड्याळजींच्या स्टुलावर बसून होती. बाबा नुकतेच कामावरून आले होते, काखेत टेबल.

"आत्या," वेलांटी तिच्या उजव्या बाजूला जाऊन म्हणाली, "मला प्रवेश मिळाला नाही."

"मग पहिली कशी आलीस?"

"थांबणाऱ्यांत पहिली आले होते. आत जाणाऱ्यांत नाही."

आत्याचं तोंड लहान झालं. "अख्ख्या गल्लीला सांगितलं मी," ती म्हणाली. "त्या चांभाराला दोनदा."

"पुसतो मी," घड्याळजी उठले.

"नका पुसू. पुसलं तर लोक विचारतील काय झालं, आणि प्रत्येकाला वेगळं सांगावं लागेल." वेलांटी जिन्याने वर गेली आणि दाराआडचं घडीचं टेबल घेऊन खाली आली. चार दिवस ज्याच्याकडे ती बघतसुद्धा नव्हती, ते टेबल तिने फळ्याखाली उघडलं. सरळ केलेला पाय किंचित डुगडुगला. "एकदाच लिहून लावते."

तिने कागद घेतला, समास सोडला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिने लिहिलं:

'मी, खाली सही करणारी, जाहीर करते की वरील फळ्यावरील मजकूर प्रतिक्षा यादीबद्दल आहे. मी प्रथम आलेली नाही. मला प्रवेश मिळालेला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे.'

"साक्षीदार दोन लागतात," ती म्हणाली आणि कागद फिरवला.

आत्याने आधी सही केली, एकेक अक्षर जोर देऊन, शिक्षा भोगल्यासारखी. मग बाबांनी खिशातलं निळं पेन काढलं, टोपण काढलं आणि सवयीप्रमाणे वरपासून वाचायला लागले. पहिल्याच ओळीत पेन थांबलं. 'प्रतिक्षा'. तिथे दुसरी हवी होती. त्यांच्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा चूक केली होती आणि नेमकी पहिली काढली होती.

बाबांचा जबडा हलला. पेनाचं टोक त्या 'ति'च्या डोक्यावर येऊन घुटमळत राहिलं. घड्याळजींच्या दुकानात कुठलंतरी घड्याळ चुकीच्या वेळी सहाचे ठोके देऊन गेलं.

मग पेन हळूहळू खाली आलं, सगळ्या ओळी ओलांडून, आणि बाबांनी साक्षीदाराच्या जागी सही केली.

"नीट वाचलंस ना रे?" आत्याने उजवा कान पुढे करून विचारलं. "कुठे काही चुकलं नाही ना?"

"नाही," बाबा म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. "सगळं बरोबर आहे."